काट्याचं जेवण

दूधविनायक, काशी
जानेवारी १९९६

प्रिय हिमा,

आशीर्वाद नेहमीचेच, ते घे आणि पुढे वाच. आधी वाईट बातमी सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत तुझा जीव टांगणीला नको. तुझं निवडुंग गेलं. बुंध्याशी कधीचं मऊ झालं होतं, संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी जरा हात लावला तर अख्खंच्या अख्खं हातात आलं. मुळं कुजली होती. वास असा की मातीचा गमला राखेनं घासून घासून माझे हात दुखले. कोपऱ्यावर आता एसटीडीचं दुकान झालंय, फोन करता आला असता. पण तिथे बोललेलं संध्याकाळच्या आरतीपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ होतं. म्हणून पत्र.

युनिव्हर्सिटीच्या बागेतून तू त्याची दोन पेरं रुमालात गुंडाळून आणलीस, तेव्हा बाबा म्हणाले होते, वैदिकाच्या घरात निवडुंग शोभत नाही. काटे नव्हतेच मेल्याला, नुसती चपटी हिरवी पेरं, तरी त्यांनी त्याचं नाव 'काटा' ठेवलं ते ठेवलंच. आणि त्या काट्याचे तू लाड तरी किती करावेस! शेणखत बादलीत भिजत घालायचं, वरचं पाणी पातळ चहाच्या रंगाचं करायचं आणि वाटीनं मोजून द्यायचं. घरभर वास. मी करवादायची. दसरा झाला की खत बंद. तू म्हणायचीस, आता याची एकादशी, उपाशी राहिलं तरच हे पौषात फुलतं. आणि फुलायचंही, गुलाबी गुलाबी, शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या. बाबा सकाळी संध्या आटोपून अंगणात आले की तुला विचारायचे, "घातलंस का तुझ्या काट्याला जेवण?" तू म्हणायचीस, "घातलं हो, बाबा." त्याची एकादशी चालू असली तरी तेच. तुमच्या दोघांचं ते ठरलेलंच होतं. मला पोरखेळ वाटायचा.

मग तू विश्वजीतशी कोर्टात लग्न केलंस. त्यावर आज काही लिहायचं नाही. माणूस भला आहे हे मी एका भेटीत ओळखलं होतं, आपल्यातला नसला म्हणून काय झालं. बाबांनी मात्र बजावलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. आणि तू रांचीहून कळवलंस, बाबांनी नाव घेऊन बोलावलं तरच उंबरा चढेन. हट्टाला बापलेक एकाच मापाचे. मधे मी, अडकित्त्यातली सुपारी.

पण एक गोष्ट तुला कधी कळवली नाही. देवांच्या अभिषेकाचं पाणी आपण मोरीत ओतत नाही, कुणाच्या पायाखाली यायला नको म्हणून तुळशीत घालतो. तू गेलीस आणि बाबा तुळशीला वळसा घालून पुढे जायला लागले. ताम्हण सरळ तुझ्या काट्यात रिकामं करायचे. तोंडानं नाव घ्यायचं नाही, पण देवाचं तीर्थ तुझ्या झाडाला. मी चुलीपाशी बसून बघायची आणि मनात म्हणायची, विरघळतोय हा माणूस, आज ना उद्या हाक मारेल. त्या आशेवर वर्षं काढली गं मी. झाड जगलं, हिरवंगार झालं, फुललं मात्र एकदाही नाही. रोज दूधपाणी मिळतंय त्याला, कसली एकादशी नि कसलं काय! शेवटी मी धीर करून सांगितलं, हिमा याला हिवाळ्यात उपाशी ठेवायची. वाटलं, नाव ऐकून भडकतील. ते शांतपणे म्हणाले, "तीर्थानं कुणाचं वाईट झालंय का कधी?" कपाळ माझं!

गेल्या चातुर्मासात दुर्गाघाटावरून घरी येताना ते रस्ता चुकले. ज्या गल्ल्यांत जन्म गेला, त्या गल्ल्यांत. शेजारचा ढुंढिराज हाताला धरून घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला, तेव्हाच मी काय ते समजले. तेव्हापासून उतरणच आहे. पूजेला बोलावणारे यजमान बंद झाले. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, यावर दवा नाही, हे वाढतच जाणार. रुद्र मात्र अजून एक स्वर न चुकता म्हणतात. पण पूजा झाली हे विसरतात आणि पुन्हा सोवळं नेसून बसतात. पुन्हा पंचामृत, पुन्हा अभिषेक. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं तुझ्या काट्याला. मुंग्या लागल्या, माती आंबली. मी एकदा गमला उचलून वर छतावर लपवला. तर भरलं ताम्हण हातात धरून अंगणभर फिरले, इथलं कुठे गेलं, इथलं कुठे गेलं म्हणत. काय गेलं ते सांगता येईना. ताम्हणातलं सांडायला लागलं, तेव्हा मीच गमला खाली आणून ठेवला. झाड मरणार हे मला दिसत होतं. पण पूजा काढून घेतली तर त्या माणसाजवळ उरतं काय, तूच सांग. माया घालून घालून मारलं त्यांनी ते.

शेंड्याची पेरं जरा बरी वाटली, ती कोरड्या वाळूत खोचून ठेवली होती. आज बघितली, सुकून गेलीत. त्यातून आता काही यायचं नाही, उगाच तुला आशा कशाला दाखवू. रिकामा गमला जागेवर ठेवलाय. ते त्यातच ओततात. त्यांना फरक कळत नाही.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की काल तुझी अट पुरी झाली. सकाळी मी अंगणात उन्हाला गहू निवडत बसले होते. ताम्हण पालथं करून ते वळले आणि हाक मारली, "हिमानी." इतक्या वर्षांनी, अगदी स्वच्छ. मी चटकन मागे वळून बघितलं, खरंच आलीस की काय म्हणून. दारात कुणी नव्हतं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या लेखी आता लीला नावाची बायको या घरात नाहीच, तू आहेस. तेव्हा यायचं असेल तर माझ्यासाठी ये, हाक ऐकायला येऊ नकोस. समोर उभी राहिलीस तर तुला विचारतील, बाई, आपण कोण. तुझी हाक माझ्या वाट्याला आली हिमा, मी ती घेऊन काय करू? ते तसेच उभे होते, जवळजवळ हसत. म्हणाले, "घातलंस का तुझ्या काट्याला जेवण?" मी पदर तोंडाशी धरला आणि म्हटलं, "घातलं हो, बाबा."

तुझीच,
आई