पडद्यावरची सवत

३ जानेवारी १९९१

आले बाई एकदाची लेकाकडे! करी रोडची खोली धाकट्या दिरांच्या हवाली केली नि जयवंताच्या दादरच्या बिऱ्हाडी आले. नातीने, दुर्गाने, ही वही दिली. म्हणाली, आजी, रोज लिही. मी तिसरी शिकलेली, पण अक्षर वळणदार हो! संपात गिरणी गेली, पाठोपाठ आमचे हे गेले, मोर्चात माझ्या कपाळाला लाठी लागली, खोकेची खूण अजून आहे. त्यातून पोरगा कॉम्प्युटर शिकला.

घरात ऑफिसने टाकून दिलेलं जुनं युनिक्सचं मशीन आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं. सकाळी चालू केलं की आधी आपल्या फायली वाचतं, आपण कोण, करायचं काय. तोवर काही सुचत नाही त्याला, मला चहाशिवाय सुचत नाही तसं. समोरचा पडदा कुठल्या जातीचा तेही त्याला उमगत नाही म्हणे. खोडायचं बटण दाबावं तर खोडायचं सोडून टोपीसारखी खूण नि इंग्रजी एच उमटतो, दुर्गा त्याला टोपीवाला एच म्हणते. जयवंता चिडतो, मी हसून हसून दमते.

५ जानेवारी

जयवंता आईपेक्षा त्या डबड्याशी जास्त बोलतो. असो. दुर्गाला विचारलं, पहिल्या ओळीत रोज काय येतं गं? म्हणाली, मशीनचं नाव. गुणवंती.

हातातले तांदूळ तसेच राहिले. गुणवंती म्हणजे ह्यांची पहिली बायको. जयवंताला दीड वर्षाचा ठेवून गेली. तिची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक, सवतीचा, बत्तीस वर्षं माझ्या गळ्यात आहे. हे होते तोवर हळदकुंकू आधी तिला, मग मला. पोर दोन वर्षं मला मावशीच म्हणायचं. तापात पहिल्यांदा आई म्हणालं तेव्हा रडले होते मी. आणि आता मशीनला तिचं नाव? मी म्हटलंच, माझं मालन हे नाव काय वाईट होतं रे? तर म्हणतो कसा, आई, लहान पोरीसारखी रुसतेस काय गं! पण बदललं बिचाऱ्याने.

६ जानेवारी

पडद्यावर मालन! दुर्गाने बोट ठेवून दाखवलं. शेजारीपाजारी साखर वाटली. मग टाक गळ्यातून काढला नि मशीनखालच्या खणात टाकला. म्हटलं, पुष्कळ वागवलं तुला. आता पोरगा माझ्या एकटीचा.

७ जानेवारी

गुणवंती परत आली. जयवंता म्हणाला, चालू होताना दुसरी एखादी फाईल जुनं नाव लिहीत असणार. दिवसभर शोधलं. एकाही फायलीत ते नाव नाही.

गळा मोकळा मोकळा, गार लागतो.

९ जानेवारी

घरात मी एकटी. बटणांना कुणाचा हात नाही — तरी पडद्यावर इंग्रजी अक्षरं. जशी दिसली तशी वहीत काढली. दुर्गा शाळेतून आली, तिने वाचलं. मावशी. मावशी. मावशी. पोरीला तर हे कुणी कधी सांगितलेलं नाही —

खोडायला गेले. खोडेना. नुसते टोपीवाले एच, ओळभर —

१० जानेवारी

टाक परत घालायला खण उघडला. टाकावरच्या बाईच्या कपाळाला खोक. आरशात पाहिलं — माझं कपाळ साफ —

११ जानेवारी

सकाळी जयवंता मशीनपुढे. आई, आई करत हसतोय — पडद्याकडे बघून. चहा ठेवला. मान वर करून विचारलं त्याने, मावशी, तुम्ही कुणाकडे आलात?

दुर्गाही बघत राहिली, ओळख नसल्यासारखी —

जयवंता, बाळा, मी मालन. तुझी — आई लिहायला जाते तर हाताखाली उमटतं मा —