आईच्या नावापुढे खुर्ची

दीघा, भर दुपार

तीर्थरूप दीदीच्या पायाशी धाकट्या पुंटीचा वाकून नमस्कार (वाकून हे नुसतं लिहायला सांगितलंय, माझी कंबर तुला ठाऊक आहे). तुझा मोतीबिंदू निघाला का? ऑपरेशन झालेल्या डोळ्याने हे पत्र वाचू नकोस, दुसऱ्याने वाच. त्याला तसंही काही कामधाम नाही. मी बरी आहे, म्हणजे बसलेली आहे. अक्षरं काजोरी सूनबाईची, तक्रारी माझ्या. लिहिणारी तीच, म्हणून तिच्याबद्दल चांगलंच सांगावं लागतंय. ते तू निम्मं करून घे. (“आई, हेसुद्धा लिहू?” म्हणते. लिही बाई, शाळेत गेली होतीस ती कशाला?)

तर आमच्या भोंबोलने आम्हाला समुद्राची मजा दाखवायला आणलं. तुझा हा भाचा पाटबंधारे खात्यात. त्याची सही झाली की कालव्याला पाणी सुटतं, तेव्हापासून जगातलं सगळं पाणी आपलं ऐकतं असा त्याचा समज आहे. रानाघाटहून निघायच्या महिनाभर आधी त्याने रेघा मारून एक कागद केला. पाचला सूर्योदय, सातला कुरमुरे, नऊला समुद्रस्नान, साडेदहाला शहाळी, एक ते चार झोप. प्रत्येकाच्या नावापुढे ज्याची त्याची मजा. नातीच्या, मिठीच्या, नावापुढे शिंपले. सूनबाईच्या नावापुढे मिठीवर लक्ष ठेवणे (ही तिची मजा!). माझ्या नावापुढे मात्र दर तासाला एकच शब्द. मला अक्षर येत नाही, पण तेच ते चित्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघून ओळखीचं झालं. सूनबाईला विचारलं, हे काय गं, देवाचं नाव का? म्हणाली, “नाही आई. खुर्ची.”

दीदी, तुला आठवतं ना, माहेरच्या नदीत आपण म्हशीसारख्या डुंबायचो? आई काठावरून शिव्या देऊन थकायची, आपण नाही. पंधराव्या वर्षी लग्न झालं, आणि त्यानंतर छप्पन्न वर्षं मी बादलीतल्या पाण्याने आंघोळ करते आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की एकदा, एकदाच, कंबरेच्या वरपर्यंत पाण्यात उभं राहावं. भोंबोलला म्हटलं, गुडघाभर तरी जाऊ दे. “आई, हट्ट करू नकोस. लाट कुणाची नसते. तू बसून बघ, बघण्यातच खरी मजा.” मी म्हटलं, मग आज दुपारचं जेवण तूही नुसतं बघ.

नऊच्या ठोक्याला आम्ही अंगाला मोहरीचं तेल चोळून वाळूत हजर (तेलाशिवाय पाण्यात उतरलं की सर्दी होते, हे त्याला मीच शिकवलंय, आता दोष कुणाला देऊ?) आणि समुद्र गैरहजर! ओहोटी. पाणी इतकं लांब गेलेलं, पाहुणा आला म्हणून तोंड चुकवावं तसं. भोंबोल घड्याळ बघत उभा, जणू कुणी चौकीदार दार उघडायचं विसरून झोपलाय. शहाळीवाला म्हणाला, “बाबू, तीननंतर या, भरती असते.” भोंबोल म्हणाला, “तीनला आमची झोप आहे.” तेवढ्यात वारा सुटला आणि तेलावर वाळू बसली. दहा मिनिटांत सगळं घर तळणीच्या आधी चुऱ्यात घोळवलेल्या फिश चॉपसारखं दिसायला लागलं. मिठी रडली, सूनबाई हसली, भोंबोलने कागदावर ‘समुद्रस्नान’पुढे बरोबरची खूण केली.

मी अर्थात खुर्चीत. डोक्यावर माकडटोपी. सावली सरकली की मला खुर्चीसकट उचलून पुढे ठेवायचे, विसर्जनाला निघालेल्या देवीसारखी. पण देवीला शेवटी पाण्यात तरी सोडतात.

थकले गं. चालून थकलं की झोप लागते, बसून थकलं की काहीच लागत नाही. आता सव्वातीन झालेत. बापलेक कागदाबरहुकूम झोपलेत. खिडकीतून दिसतोय, समुद्र पार भिंतीपर्यंत आलाय, आणि उद्या सकाळी सहाला आमची बस. म्हणजे हे राहिलंच म्हणायचं. आता मला पुन्हा इथे कोण आणतंय...

हे काय, सूनबाई उठून उभी राहिली. म्हणते, “आई, उठा. चपला घालू नका, वाजतात.” मी म्हटलं, आधी खाली माझं नाव तर लिही.

तुझी धाकटी,
पुंटी

ता. क. दुर्गापूजेला आपण दोघींनी निळ्या काठाच्या सारख्याच साड्या घेतल्या होत्या, त्यातली तुझी मला लगेच पाठवून दे. भोंबोलच्या कागदामागे सामानाची यादी आहे आणि तीत ‘आई: साड्या चार’ असं आहे म्हणे. घरी गेल्यावर तो मोजणार. परटाकडे दिलीय म्हणून मी त्याला चार दिवस थोपवते, पाचव्या दिवशी तुझी साडी हवी.

ता. क. समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही, सगळं परत देतो म्हणतात. माझी साडी अजून तरी दिलेली नाही. पाणी गळ्यापर्यंत होतं, दीदी. भोंबोलच्या चादरीत गुंडाळून परत आलो. चारला तो उठला तेव्हा मी खुर्चीत. टोपी पुन्हा डोक्यावर. “काय आई, बसून बसून कंटाळलीस?” म्हणाला. म्हटलं, नाही रे, बघण्यातच खरी मजा. तेव्हा कागद ओला दिसला तर रडले असं समजू नकोस, टोपीतून पाणी गळतंय.

ता. क. सूनबाई म्हणते, मावशींना लिहिते, साड्या दोन पाठवा, माझीही समुद्रानेच ठेवून घेतलीय.