धाकटा गिअर

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी आली! चौदा महिने वाट पाहायला लावून आली, आणि आली ती अशा घरात जिथे ती चालवणाऱ्याचा डावा पाय मेलाय.

नोंदवली होती बाबांनीच. चारही चाकांनी ओढणारी, दगडधोंड्यांतून जाणारी. बिनगिअरची मिळत होती, सेल्सवाल्याने तेव्हाच सुचवलं होतं. बाबा म्हणाले होते, "मला गाडी चालवायची आहे, गाडीत बसायचं नाही." सप्टेंबरात अर्धांगाचा झटका आला. डावा हात निम्मा परत आला, पाय आलाच नाही. आता क्लच कोण दाबणार? मी! माझ्याकडे लायसन्स आहे. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग स्कूलच्या डबड्यावर काढलेलं. त्यात माझ्यापेक्षा शिकवणाऱ्याचेच पाय जास्त चालत होते.

शोरूममध्ये गाडीवर लाल कापड. हातभर लांब पुठ्ठ्याची किल्ली, फोटोसाठी. सेल्सवाला म्हणाला, सरांनी मध्ये उभं राहावं. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने ती किल्ली चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाबांच्या मांडीवर ठेवली. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाच्या तरी कानाखाली वाजवावी असं वाटलं. कोणाच्या, ते सुचलं नाही.

घरी येईपर्यंत सात वेळा बंद पडली. बाबा डाव्या सीटवर. मोजत असणार.

७ फेब्रुवारी

गाडी उंच आहे. बाबांना चढवायला आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल लागतं. मी त्यांना काखेत धरून वर घेतो. सप्टेंबरपासून आमचं बोलणं कामापुरतं, आणि आता रोज दोनदा मी त्यांना छातीशी धरतो. आयुष्यात कधी धरलं नव्हतं. त्यांना ते आवडत नाही. मलाही नाही.

सीटपुढे शोरूमवाल्यांनी कागद अंथरलेत, वर दोन पावलं छापलेली. माझ्याकडचा पहिल्याच दिवशी चिंध्या होऊन निघाला. बाबांच्या बाजूचा काढायला गेलो तर म्हणाले, "असू दे." मी त्यांचा डावा पाय उचलतो आणि छापलेल्या डाव्या पावलावर ठेवतो. चप्पल निसटते म्हणून आईने नाडीने बांधलीय. उजवा पाय सारखा चुळबुळतो, तिकडचं पाऊल एका दिवसात पुसट झालं. डावीकडचं कोरं करकरीत.

९ फेब्रुवारी

व्यायामवाल्या बाई आल्या होत्या. टॉवेलची गुंडाळी बाबांच्या पायाखाली ठेवतात आणि म्हणतात, दाबा. दहा वेळा दाबा. बाबांच्या कपाळावर घाम येतो, गुंडाळी जशीच्या तशी. जाताना बाईंनी आईला जिन्यात सांगितलं की पहिल्या सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, मग अवघड. सहा महिने म्हणजे सतरा मार्च. आईने आत येऊन कॅलेंडरकडे पाहिलं, पेन उचललं, खाली ठेवलं.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकतो एकदा.

सोळा सप्टेंबर. ड्रॉइंग हॉलमध्ये एकजण वर्गातल्या तिच्याबद्दल, म्हणजे मला आवडते तिच्याबद्दल, घाण बोलला. मी त्याला टी-स्क्वेअरच्या लांब पट्टीने हाणला. विभागप्रमुख म्हणाले, लेखी माफी माग. मी तो कागद फाडला, तुकड्यांवर ओळखपत्र ठेवलं आणि बाहेर पडलो. दुसरं वर्ष, कॉलेज संपलं! असा तरंगत तिच्याकडे गेलो. वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत काहीतरी दिसेल. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं का तुला मारायला?"

तेवढंच. पुढचं सगळं मी बाबांवर काढलं. संध्याकाळी घरात आवाज चढले. बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, लाइन तपासण्यात, गळती शोधण्यात. मी म्हणालो, "जन्मभर पाइप मोजलेत तुम्ही, तुम्हाला काय कळणार." ते उठून आत गेले. सकाळी उठायला गेले आणि डावीकडे कलंडले.

काका हॉस्पिटलच्या जिन्यात म्हणाले, "पोराने बापाला आडवा केला." सगळ्यांसमोर. कोणी नाही म्हणालं नाही. आईसुद्धा.

१३ फेब्रुवारी

बाबा शिकवतायत. म्हणजे टोमणे मारतायत. "क्लच आहे, झुरळ नाही, चिरडू नकोस." "हळू सोड, तुझ्या कॉलेजसारखं नको." हे ऐकून मी भर रस्त्यात उतरलो, गाडीला फेरी मारली आणि परत बसलो. जाणार कुठे? त्यांना एकटं टाकून जाता येत नाही, हीच पंचाईत आहे.

दोन गिअर आहेत हिला. म्हणजे दांडे दोन. मोठ्या दांड्याला बाबा थोरला म्हणतात आणि शेजारच्या आखूड दांड्याला धाकटा. ऑफिसच्या जीपपासूनची सवय. थोरला रोजचा, शहाणा. धाकटा चिखलात आणि चढावर. "एरवी त्याला हात लावायचा नाही," म्हणाले. घरातही तसंच आहे. दादा परदेशात, रोजचा, शहाणा.

१४ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर पडून.

१८ फेब्रुवारी

आज एकदाही बंद पडली नाही. बाबांना म्हटलं, बघितलंत? म्हणाले, रस्ता सपाट होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

संपलं. सगळं संपलं.

गाडी धुतली, पुसली, बाबा झोपल्यावर दुपारी कॉलेजच्या फाटकाशी नेऊन उभी केली. एकटाच. मनात काय काय रचलं होतं! ती बाहेर येईल, थबकेल, हसेल. ती बाहेर आली, थबकली, आणि म्हणाली, "बाबा कसे आहेत?"

मी म्हणालो, जमिनीपासून नऊ इंच उंच आहे ही.

खरंच हेच म्हणालो. आता लिहितानाही अंगावर काटा येतो. चाकांचं सांगितलं, दोन गिअरचं सांगितलं, गुडघाभर पाण्यातून जाते ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी म्हणालो, सोडू का? ती म्हणाली, बसस्टॉपपर्यंत सोड.

उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या थांबल्या होत्या. मी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली, ऐटीत. बाबांनी शंभरदा सांगितलंय, चढावर अर्ध्या क्लचवर उभा राहू नकोस, जळेल. जळला! करपल्याचा वास आत भरला. सुटायची वेळ आली आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागे सरकली हातभर. मागचा टेम्पोवाला हॉर्न दाबून बसला, आणि खिडकीतून म्हणाला, "राजे, हत्ती परवडला असता." माझं टाळकं सटकलं. दार उघडून उतरलो, त्याच्या खिडकीशी गेलो, हात वर केला—

मागे वळून पाहिलं तर गाडी हळूहळू मागे येत होती. टेम्पोवर. आत ती!

थांबली. तिने हँडब्रेक ओढला होता. मग ती उतरली, दार लावून घेतलं, आणि माझ्याजवळ येऊन अगदी शांतपणे म्हणाली, "आधी गाडी थांबवायची, मग भांडायचं. मी आत होते रे."

पुलावरून चालत गेली. एकदाही वळली नाही. टेम्पोवाल्यानेच मला गाडी चढावरून काढून दिली. तेही हसत नाही, दया करत. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

२१ फेब्रुवारी

मी आत होते रे. मी आत होते रे. मी आत होते रे.

२२ फेब्रुवारी

बाबांना गाडीत वास आला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "कोण होतं शेजारी?" मी म्हणालो, कोणी नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलं. उजव्या पावलावर छोट्या सँडलचा ठसा होता.

काही म्हणाले नाहीत. हे त्यांचं न बोलणं मला सगळ्यात जास्त छळतं.

१ मार्च, रविवार

आठवडाभर किल्लीला हात लावला नाही. दादाचा फोन आला. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला छान जमतं. म्हणाला, बाबा चालवू शकत नाहीत, तुला चालवता येत नाही, मग शोभेला ठेवणार का? त्याच्या ओळखीचा एक ठेकेदार आहे, खाणीच्या कामाला अशीच गाडी हवीय. पंधरा तारखेला बघायला येतो म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. बाबा म्हणाले, "बरं."

बरं! चौदा महिने माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपलेला माणूस बरं म्हणतो. आईने तोंड फिरवलं. मी हातातला पेला भिंतीवर फेकला. स्टीलचा होता, नुसता पोचा पडला. धड फोडतासुद्धा येत नाही काही.

मी या घरातून जायला हवं. मी ज्याला हात लावतो ते डावीकडे कलंडतं.

२ मार्च

काका आले होते. म्हणाले, विका, विका, दारात उभी बघून जखम ओलीच राहते. आणि जाता जाता मला, "तुझं काय ठरलं रे पुढे?" ठरलं असतं तर तुम्हाला पत्रिका पाठवली असती!

८ मार्च, रविवार

बाबा सकाळी म्हणाले, "चल." कुठे ते नाही. गावाबाहेर नेलं, मग डांबर संपलं, मग रस्ताच संपला. खाणीच्या मागे टेकडीवर जुनी पाण्याची लाइन जाते. त्यांची लाइन. कुठल्या सांध्याला कधी गळती होती हे त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा नीट माहीत आहे. विकण्याआधी एकदा वर जायचं होतं, एवढंच म्हणाले.

आठव्या सांध्याला गळती होतीच. वाटेवर नुसता राडा. मी थोरल्यावर घुसलो. चाकं फिरायला लागली, चिखल काचेपर्यंत, गाडी खाली खाली. मी जास्त दाबलं, ती जास्त रुतली. स्टिअरिंगवर बुक्की मारली. हॉर्न वाजला, मूर्खासारखा.

मग मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. आणि जे पाच महिने बोललो नव्हतो ते बोललो, की माझ्यामुळे झालं, तुमचा पाय मी खाल्ला.

बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "एवढा मान घेऊ नकोस स्वतःकडे. माझं ब्लडप्रेशर तुझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. गोळ्या जूनपासून मीच बंद केल्या होत्या. चक्कर यायची, चढ चढवायचा नाही. आईला बोललास तर बघ."

मी म्हणालो, खरं?

"धाकटा लाव."

मला कळलं नाही, तसाच बसलो. त्यांनी उजवा हात पुढे करून आखूड दांड्यावर थापटलं. "धाकटा लाव. दुसऱ्यात टाक. पाय क्लचवरून काढ. आणि मग काही करू नकोस. तुला तेवढंच जमत नाही."

मी काही केलं नाही. गाडी गुरगुरली, थरथरली, आणि म्हातारी जिना चढते तशी एकेक पाऊल टाकत बाहेर आली. वर गेलो. बाबांनी खिडकीतून लाइन पाहिली. दहा मिनिटं. मी खाली उतरवू का विचारलं, तर नको म्हणून मान हलवली.

परतताना म्हणाले, "सावकाश जातो, पण कुठेही जातो." गाडीबद्दलच बोलत होते.

९ मार्च

खोटं बोलले असतील. मला सोडवायला. बापमाणूस काहीही बोलतो. आईला विचारायची सोय नाही, गोळ्यांचा डबा बघून काही कळत नाही. आता तो रोज भरलेला असतो आणि रोज रिकामा होतो. मग काय धरायचं? कालचा दिवस नुसता माझ्यावर केलेला उपकार असेल, तर तो काकांच्या त्या जिन्यातल्या वाक्यापेक्षा वाईट.

११ मार्च

बाई आल्या. टॉवेलची गुंडाळी, दहा वेळा. मी दारात उभा राहून पाहिलं. मान ताठ, दात आवळलेले, आणि पाय? पाय दुसऱ्याच कोणाचा तरी. बाईंनी वहीत लिहिलं. मी डोकावलो: बदल नाही. बाई चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, पाय लुळा राहिला तरी काठी घेऊन चालणारे पुष्कळ आहेत. बाबा म्हणाले, "हो ना." पाहुण्यांशी बोलतात तसं.

बाई गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, रविवारी तो ठेकेदार येईल, त्याआधी गाडी धुऊन आण. चिखल वाळलाय.

सहा दिवस राहिले. देवा, मोजायला दोन हातांची बोटंसुद्धा पुरती लागत नाहीत.

१४ मार्च, शनिवार

गाडी धुवायला निघालो. बाबा म्हणाले, मीही येतो. स्टूल, काख, नाडी, डावा पाय छापील पावलावर.

बाजाराच्या चौकात सिग्नल लाल झाला. समोरून रस्ता ओलांडत होती ती. तीच असावी. पाठमोरी होती. मी ब्रेक दाबला आणि क्लच विसरलो.

गाडीने गचका खाल्ला, बंद पडली. पण गचक्याच्या आधी डावीकडे काहीतरी आपटलं. धप्पकन. नाडी बांधलेली चप्पल.

बाबा समोर बघत होते. मीही समोर बघत राहिलो. मागे हॉर्न वाजत होते.

घरी आल्यावर बघितलं. छापलेल्या डाव्या पावलाखाली कागद फाटलाय.