पिंटूशिवाय चालणारा प्रोग्रॅम

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.

बायको आणि मुलगी काल गेल्या. बायकोची बदली झाली. मुलीला तिथल्या शाळेने वर्षाच्या मधेच घेतलं. मी महिनाअखेर जाणार. मालकांना तसं सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत. प्रोग्रॅम पिंटूशिवाय चालायला लागला की त्या दिवशी मोकळं करतो, एवढंच म्हणाले.

आठवडाभराचं काम. उरलेल्या दिवसांत आवराआवर, वाचन, थोडा व्यायाम.

म्हातारपणी वाचताना संदर्भ लागावा म्हणून लिहून ठेवतो. आमचा प्रोग्रॅम दातांच्या दवाखान्यांत चालतो. पेशंटचं नाव, दाढांचे फोटो, पुढची तारीख. हे सगळं तो एका फोल्डरमध्ये ठेवतो. कॉम्प्युटरवर प्रत्येक युजरचं स्वतःच्या नावाचं फोल्डर असतं आणि त्याच्या आत डॉक्युमेंट्सचं. मी प्रोग्रॅम लिहिला तेव्हा माझं युजरनेम पिंटू होतं. आई पिंटू म्हणायची. पत्ताही मी तोच लिहिला: सी ड्राइव्ह, युजर्स, पिंटू, डॉक्युमेंट्स. माझ्याकडे उत्तम चालला. दवाखान्यांत चालेना, कारण तिथे पिंटू नव्हता. मग आम्ही प्रत्येक दवाखान्यात पिंटू नावाचा युजर तयार करून दिला. सुटसुटीत उपाय. आज कुठल्या कुठल्या गावांतल्या रिसेप्शनिस्ट सकाळी आल्या की पर्स ठेवतात आणि आधी पिंटू उघडतात. असं भाग्य किती प्रोग्रॅमरांना मिळतं?

आता मात्र नव्या मशिन्स आल्या. कुठे डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर, कुठे थेट इंटरनेटवर. पिंटू आहे, पण त्याचं सामान दुसरीकडे. रोज फोन येतात: पिंटू उघडत नाही, पिंटू अडकलाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सापडला. डॉक्युमेंट्स असून असून किती ठिकाणी असणार? सगळ्या शक्यता लिहून काढल्या. प्रोग्रॅम एकेक दार वाजवत जाईल. कुठलंतरी उघडेल.

टेस्टिंगच्या बाईंना दाखवलं. मी त्यांना मनात शंका म्हणतो. त्या म्हणाल्या, अंदाज कशाला लावायचा, कॉम्प्युटरच्या सिस्टिमला विचारा. या युजरचं डॉक्युमेंट्स कुठे आहे हे सांगायची सोय सिस्टिममध्येच असते. एका ओळीचं काम आहे. मी शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं की विचारणं म्हणजे परावलंबन. आज डॉक्युमेंट्स विचारू, उद्या डेस्कटॉप विचारू, परवा स्वतःची अक्कल विचारू. त्या बरं म्हणाल्या. त्यांचं बरं मला आवडत नाही.

घरी टॉवेल सापडेना. बायकोने उरलेलं सामान खोक्यांत भरून ठेवलं आहे. एक खोकं फोडलं, त्यात पडदे. पडद्याने अंग पुसलं. तेवढ्यात तिचा फोन आला. काही हवंय का, विचारलं. म्हटलं, सगळं हाताशी आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

दारं वाजवण्याचा उपाय बारगळला. एका दवाखान्यात डॉक्युमेंट्सचं नावच तिथल्या भाषेत होतं. ही माझी चूक धरता येणार नाही.

नवा उपाय जास्त सखोल आहे. प्रोग्रॅम पूर्ण डिस्क पालथी घालेल आणि डॉक्युमेंट्स नावाचं फोल्डर शोधून काढेल. सर्वात मोठ्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई. त्यांच्याच दवाखान्यात आज लावून पाहिला.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पेशंट खुर्चीत, तोंड उघडं, भूल उतरत आलेली, आणि स्क्रीनवर चक्र फिरतंय. मी म्हटलं, शोधतोय तो. त्या म्हणाल्या, पेशंटही तेच म्हणतोय, पण त्याला नीट बोलता येत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रोग्रॅमला फोल्डर सापडलं होतं. त्या मशिनवर डॉक्युमेंट्स नावाची बरीच फोल्डरं निघाली. प्रोग्रॅमने पहिलं उचललं. ते डॉक्टरीणबाईंच्या यजमानांचं होतं. यजमानांनी काल पाहुण्यांना सहलीचे फोटो पडद्यावर लावून दाखवले. तलाव, टेकडी, किडलेली अक्कलदाढ, पुन्हा तलाव.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा सांगितला नाही.

एक गोष्ट ठरवली. यापुढे सिस्टिमलाच विचारायचं. हा निर्णय पूर्णपणे माझा आहे. शंकाबाई काय म्हणाल्या होत्या याचा त्याच्याशी संबंध नाही.

संध्याकाळी. विचारलं. सिस्टिमने ताबडतोब सांगितलं, अचूक, शेवटच्या अक्षरापर्यंत. इतकं सोपं होतं तर आधी कोणी सांगितलं का नाही?

१८ फेब्रुवारी, बुधवार

फोटो गायब. तीन दिवसांत काढलेले दाढांचे सगळे फोटो. प्रोग्रॅम म्हणतो, ठेवले. फोल्डर म्हणतं, आले नाहीत.

दिवसभर शोधलं. मला काचेच्या मीटिंग रूममध्ये बसवलं आहे. आत एक टेबल, भिंतीला घड्याळाची खूण, घड्याळ नाही. लोक जाता-येता बघतात. एकाने हात हलवला. मीही हलवला. तो मागच्या माणसाला हलवत होता.

संध्याकाळी शंकाबाई येऊन बसल्या. फोटो त्यांनीच शोधून दिले. झालं होतं असं: फोटो साठवायचं काम मी प्रोग्रॅमच्या एका वेगळ्या भागाला दिलं होतं. तो भाग मशिन सुरू झाल्याबरोबर, कोणी लॉगिन करायच्या आत, सिस्टिमच्याच नावावर चालू होतो. त्याने विचारलं, माझं डॉक्युमेंट्स कुठे आहे. सिस्टिमला वाटलं, हा आपल्यातलाच. तिने स्वतःचं घर दाखवलं. पार आतलं, जिथे माणूस सहसा जात नाही. सगळ्या दाढा तिथे नीट ओळीने मांडून ठेवलेल्या.

शंकाबाई म्हणाल्या, "प्रश्न बरोबर होता सर. विचारणारा चुकला."

हसत नव्हत्या. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणजे आता फक्त विचारणारा बदलायचा. दोन दिवसांचं काम.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

विचारणारा बदलणं म्हणजे अर्धा प्रोग्रॅम उलगडणं. हे आधी लक्षात आलं नव्हतं, असं नाही. लक्षात होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

पोळपाट सापडला. चमचे नाहीत. चमचे कुठल्या खोक्यात असतील हे मला तर्काने कळायला हवं. तर्काने निघालेल्या खोक्यात इस्त्री होती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्याचं तिकीट रद्द केलं. बायकोला फोन केला, एकच आठवडा म्हटलं. तिने विचारलं, राहिलंय काय. म्हटलं, विशेष नाही, फोल्डर कुठे आहे ते.  ती म्हणाली, दोन तारखेला तू आला असतास तर बरं झालं असतं, शाळेत पालकांना बोलावलंय.

मुलीने फोन घेतला. नव्या शाळेबद्दल तुटक बोलली. डबा एकटीच खाते, पण ते चालतं, म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, तू येणार आहेस हे खरं आहे ना? मी बाईंना सांगून ठेवलंय."

खरं आहे म्हटलं. खरंच आहे.

निश्चय: उद्यापासून दुपारचा चहा बंद. तेवढा वेळ कामाला.

३ मार्च, मंगळवार

ऑफिसचं दार कार्डने उघडतं. मी फेब्रुवारीअखेर जाणार हे कार्डं सांभाळणाऱ्या ऑफिसच्या बाईंनी मनावर घेऊन माझं कार्ड तेवढ्यापुरतंच ठेवलं होतं. माझं जाणं गंभीरपणे घेणारी ऑफिसात ती एकच व्यक्ती. आता कार्ड आत यायला चालत नाही आणि बाहेर जायलाही चालत नाही. सकाळी वॉचमनकाका आत घेतात. बाथरूम दाराच्या पलीकडे आहे. जाताना कोणाच्या तरी मागे मागे जातो आणि येताना काचेवर टकटक करतो.

कार्ड वाढवून द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, सिस्टिममध्ये तुम्ही गेलेले आहात. गेलेल्या माणसाचं कार्ड वाढत नाही. त्यासाठी नव्याने नोकरीला लागावं लागेल.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. मी आत राहिलो. काचेतून जिना दिसतो. एरवी बघितला नव्हता. चांगला रुंद आहे.

६ मार्च, शुक्रवार

झालं.

 रिसेप्शनिस्टने बटण दाबलं की प्रोग्रॅम तिच्या नावाने, तिच्यातर्फे सिस्टिमला विचारतो. सिस्टिम तिचं डॉक्युमेंट्स सांगते. डी ड्राइव्ह असो, इंटरनेट असो, कुठलीही भाषा असो. सगळ्या दवाखान्यांत लावला. सगळीकडे चालला. युजरचं नाव काहीही ठेवा, चालतो. पिंटूची गरज उरली नाही.

मालकांनी हात मिळवला. चहा सांगितला. मोकळं केल्याचं पत्र सही करून हातात दिलं. तेरा तारीख शेवटचा दिवस. तिकीट काढलं.

जाण्याआधी सगळ्या दवाखान्यांना सूचना पाठवली. मजकूर जमून आला: पिंटूने आपली इतकी वर्षं सेवा केली. आता त्याची आवश्यकता नाही. कृपया युजर्समधून पिंटूला काढून टाकावे.

वाचून स्वतःलाच जरा भरून आलं.

शंकाबाईंनी विचारलं, पेशंटची जुनी माहिती नव्या जागी हलवली का. म्हटलं, जुनी आहे तिथे सुरक्षित आहे. तिथे म्हणजे कुठे, असं विचारत होत्या, पण वॉचमनकाका दार उघडून उभे होते. ते सारखं सारखं उघडत नाहीत. सोमवारी बघू म्हटलं.

९ मार्च, सोमवार

युजर काढून टाकताना मशिन विचारतं, याच्या फाइल्सही काढायच्या का. नीटनेटका माणूस हो म्हणतो.

माझ्या सूचना कोणी वाचत नाही हा माझा जुना सल. आज त्यानेच वाचवलं. कोणीही पिंटूला हात लावला नव्हता. सकाळपासून सगळ्यांना फोन करून सांगितलं, लावूही नका. फक्त डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सगळं वेळच्या वेळी होतं. त्यांनी शनिवारीच काढला. पिंटू गेला, त्याचं डॉक्युमेंट्स गेलं, इतक्या वर्षांचे पेशंट गेले.

मालकांनी विचारलं, बॅकअप असेल ना. आहे म्हटलं. म्हणजे होता. चटकन सापडावा म्हणून पिंटूच्याच डॉक्युमेंट्समध्ये ठेवला जायचा. योजना माझी.

डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाला डिस्क दाखवली. त्याने तासाभराने नुसती मान हलवली. रविवारी मशिनने त्या जागेवर स्वतःचं कसलंतरी अपडेट भरलं होतं.

मालक रागावले नाहीत. त्यांनी माझ्या खिशातलं पत्र मागून घेतलं, घडी मोडून एकदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

१० मार्च, मंगळवार. दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंकडे जुन्या पद्धतीची कागदी कार्डं आहेत. पेशंट आला की त्या हाताने लिहितात. कॉम्प्युटरवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. मला हा त्यांचा हट्ट वाटायचा.

ती सगळी कार्डं मी पुन्हा टाइप करायची, असं मालकांनी त्यांना कबूल केलं आहे. संपेपर्यंत रोज इथे. मला स्टोअररूम दिली आहे. खिडकी नाही. तिन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. सगळ्यांची तोंडं उघडी. दार नीट लागत नाही म्हणून बाहेरून कडी घालतात. बाहेर जायचं असेल तर हाक मारायची.

डॉक्टरीणबाई दारात येऊन मला वरपासून खालपर्यंत बघून गेल्या. जाण्याआधी विचारलं, "तुम्हीच तो पिंटू का?"

हो म्हटलं. त्या म्हणाल्या, त्यांची रिसेप्शनिस्ट इतकी वर्षं समजत होती की ते आमच्या कंपनीतल्या मांजराचं नाव आहे.

सकारात्मक बाजू: टाइप करताना माझा वेग वाढतो आहे. अक्षरं मात्र डॉक्टरांची. एका बाईंना नऊ अक्कलदाढा आहेत असं वाचलं. विचारावं का, असा विचार आला. नऊ लिहिलं.

१३ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी.

कार्डं अजून पहिल्याच कपाटातली चालू आहेत. मागे आणखी एक कपाट आहे, हे आज कळलं.

बायकोला फोन केला. ती चिडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. चिडली नाही. बरं म्हणाली. मग म्हणाली, घर लहान आहे, मी आल्यावर घरून काम करीन असं धरून तिने गॅलरीत माझ्यासाठी टेबल लावलं होतं.

"ते मी मुलीला दिलंय," म्हणाली. "तिला अभ्यासाला जागा नव्हती."

म्हटलं, छान, तात्पुरतं वापरू दे. ती म्हणाली, मुलीने गॅलरीच्या काचेवर वेळापत्रकही चिकटवलंय, आणि आता तिची एक मैत्रीण येते अभ्यासाला, त्यामुळे टेबल पुरत नाही.

डबा मग दोघी मिळून खात असतील. चांगलं झालं.

गॅलरी किती मोठी आहे, तिथे आणखी एक टेबल बसेल का, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

अंदाजे बसेल.