डोंगरमाथ्यावरची डुलकी

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, माझे गुडघे तेवढे माझ्याशी अबोला धरून बसलेत. फोन करता आला असता, पण तुझ्या सासऱ्यांनी तो माझ्या हातून ओढून घेतला असता आणि पावाची भट्टी नीट तापली का, पीठ सैल तर झालं नाही ना, असं विचारून तुला भंडावून सोडलं असतं. म्हणून आल्यापासून फोन माझ्या कपड्यांच्या घडीत लपवलाय. इथला बसवाला उद्या आपल्याच गावावरून जातो, त्याच्या हाती हे पाठवतेय.

तिकिटं तू काढलीस, बॅग तू भरलीस, ह्यांना बसमध्ये जवळजवळ ढकललंस. पण तुझी पाठ वळल्यावर ह्यांनी बॅगेत काय कोंबलं ते ऐक. खोलीवर आल्यावर टॉवेलात गुंडाळलेली आपल्या पावाच्या खमिराची बरणी बाहेर निघाली! अर्धं तुझ्याकडे ठेवलं आणि अर्धं 'असू दे हाताशी' म्हणून बरोबर आणलं. लोक सहलीला कॅमेरा आणतात. बरणी खिडकीत उन्हाला ठेवली, तिला मैदा चारला, आणि आम्ही गाव बघायला बाहेर पडलो तेवढ्यात ते फुगून, झाकण उडवून खिडकीभर ओघळलं. खोली झाडणारी बाई ओरडत खाली पळाली. आम्ही परतल्यावर हे लाजायचं सोडून, खिडकी पुसता पुसता तिलाच कौतुकानं सांगत होते, बघा, किती जोमदार आहे!

गाव फार देखणं आहे गं. घड्याळाचा मनोरा पाहिला, राजवाडा पाहिला. राजवाड्यात सगळे सिंहासनापुढे गर्दी करत होते आणि तुझे सासरे दिसेनात. शोधत गेले तर मुदपाकखान्यात! तिथल्या जुन्या भट्टीत कमरेपर्यंत आत वाकून धूर कुठून जात असेल ते बघत होते. पहारेकऱ्यानं शर्ट धरून बाहेर काढलं. संध्याकाळी तळ्यात नावेत बसलो. ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्या हाताला पिठाचा वास नव्हता. मी मनातून हरखले होते, आणि तेवढ्यात हे म्हणाले, "ती आत्ता काय करत असेल?"

ती म्हणजे तू, हे सांगायला नकोच. महिन्यापूर्वी जेवताना तू सरळ विचारलंस, "बाबा, भट्टी माझ्याकडे द्याल का?" आणि हे ताटावरून उठून हात धुवायला गेले. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. तुझ्या नवऱ्याला तर मैद्यानं शिंका येतात, त्याचा प्रश्नच नाही. पण तू या घरात आल्यापासून पीठ मळतेस, पाव वळतेस, आणि भट्टीच्या तोंडाशी मात्र ह्यांनी तुला कधी उभं राहू दिलं नाही. तू काही बोलत नाहीस, पण मला दिसतं. ह्या तीन दिवसांसाठी पाव भट्टीत सरकवायचं फावडं तुझ्या हातात देताना ह्यांचा चेहरा कसा झाला होता, तेही दिसलं.

आता डोंगराचं सांगते. वाटाड्यानं सगळ्यांना पहाटे अंगणात जमायला सांगितलं होतं, माथ्यावरून सूर्योदय बघायचा म्हणून. आपण आयुष्यभर भट्टीसमोर, आपल्याला कुठला सूर्योदय दिसायला! मी तर त्याच्यासाठीच आले होते. पण भट्टी पेटवायच्या वेळेला, म्हणजे अर्ध्या रात्रीच, आमचे डोळे टक्क उघडले. अंगणात चिटपाखरू नव्हतं. "लोकांची वाट बघत बसलो तर पीठ आंबून जाईल," म्हणत हे निघालेच. कुठलं पीठ, कुणास ठाऊक! वाट चांगली बांधलेली होती, हातात विजेरी होती, मीही निघाले. चढताना मी दमले की हे थांबायचे आणि आपण बूट बांधायला थांबलोय असं दाखवायचे. एवढ्या वेळा बूट सुटलेले मी कधी पाहिले नाहीत.

माथ्यावर पोचलो तर काळोख. थंडी मी म्हणत होती. आपण पाव भट्टीत गेल्यावर पोत्यांना टेकून डुलकी काढतो ना, तसे एका शालीत पाठीला पाठ लावून बसलो. बसलो, आणि झोपलो. भट्टीपाशी हे वेळेवर उठतात ते पाव भाजल्याच्या वासानं. इथे कुठला वास? डोळे उघडले तेव्हा सूर्य चांगला वर आला होता आणि अख्खी मंडळी भोवती उभी राहून आमचे फोटो काढत होती. वाटाड्या म्हणाला, "काय आजोबा, कसा वाटला सूर्योदय?" मला वाटलं, आता हे भडकणार. पण हे हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग शांत झाले आणि खाली दरीकडे बघत म्हणाले, "आज मी उठलोच नाही. आणि तरी गावाला पाव मिळाला असेल, नाही का?" मी म्हटलं, मिळाला असेलच. "चांगला भाजलेला असेल," हे म्हणाले, आणि शालीची घडी करून उतरायला लागले.

सूनबाई, हे पत्र लिहायला त्यांनीच सांगितलंय. स्वतःच्या तोंडानं त्यांना सांगता येणार नाही, तुला माहीत आहेच. भट्टी तुझी. उरलेलं खमीर आल्यावर तुझ्या हाती देणार आहेत. आणि आम्ही उद्या येत नाही. उद्या पुन्हा चढणार आहोत, सूर्योदय राहिलाय ना आमचा! या खेपेला मंडळींच्या मागून, सावकाश. आत्ता हे शेजारी बसून म्हणतायत, तिला लिही की पहिला घाणा टाकायच्या आधी भट्टी जरा निवू दे. ते मी मुळीच लिहिलेलं नाही.

तुझीच,
आता उशिरापर्यंत झोपायला शिकणारी
सासू