नेव्हिल जिथे शेवटचा उतरला

१८ ऑक्टोबर, शनि. अल मनखूल, दुबई

व्हिसा आला. बोना पासपोर्ट हातात घेऊन हॉलभर फिरतोय. मला काहीच वाटलं नाही. ना बरं, ना वाईट.

अर्जात कारण लिहिलं होतं : पर्यटन. दुसरं काय लिहिणार.

मे महिन्यात क्रूझचं जहाज ग्रीसमधल्या त्या रोड्स गावाहून निघालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा मुलगा नेव्हिल नाश्त्याच्या ड्युटीवर आलाच नाही. केबिनमध्ये नाही, किचनमध्ये नाही. जहाज थांबवलं, हेलिकॉप्टर आलं, सगळं झालं. कंपनीचं म्हणणं, समुद्रात गेला. कॅमेऱ्यात काही दिसत नाही. बोनाचं म्हणणं, दिसत नाही म्हणजे पडलाच नाही. रोड्सला उतरला तो परत चढलाच नाही. पण परत चढताना त्याचं कार्ड लागलंय ना जहाजाच्या गेटवर? "कार्ड काय, दोस्तानेपण लावलं असेल." पाच महिने हेच.

मी वाद घालणं सोडलंय.

रिया येत नाही. बारावीची मुलगी, जबरदस्ती कशी करणार. "आय डोन्ट वॉन्ट टु सी दॅट प्लेस, मम्मा." वरच्या मजल्यावर लीना आंटीकडे राहील.

२० ऑक्टो., सोम. रोड्स

सकाळी निघताना बिल्डिंगभर दिवाळीच्या माळा. लिफ्टमध्ये कुणीतरी हॅपी दिवाली म्हणालं, बोनाने हसून सेम टु यू केलं.

अथेन्सला विमान बदललं. रोड्सला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

मला वाटायचं बंदर गावापासून लांब असेल. नाही. गावाची जुनी तटबंदी आणि तिच्या भिंतीला लागूनच जहाज. पांढरं, आपल्या बिल्डिंगच्या दुप्पट उंच. नेव्हिलचं नव्हे, दुसऱ्या कंपनीचं. तरी मी मान खाली घालून चालले. बोना मात्र थांबला, वर बघत राहिला. केवढ्या खिडक्या.

खोली तटाच्या आत आहे, गल्लीत. रस्ते गोट्यांचे, काळ्यापांढऱ्या. पाय मुरगळेल असे. मांजरंच मांजरं.

नेव्हिलला मांजरं आव

(बोनाने हाक मारली.)

२१, मंगळ.

सकाळी बंदराच्या पोलिसांकडे. ऑफिसर तरुण. नीट बोलला, खुर्ची दिली. कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "सर, युवर सन वेन्ट बॅक टु द शिप." बोनाने कार्डाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. परत तेच म्हणाला, जरा हळू. मग ड्रॉवरमधून टुरिस्टांचा नकाशा काढला, पेनाने दोन ठिकाणी गोल केले. फर्स्ट टाइम इन रोड्स? मग राजवाडा बघा, आज गर्दी नाही.

बोनाने थँक यू म्हणून नकाशा खिशात घातला.

आणि आम्ही खरंच राजवाडा बघायला गेलो. दुसरं करायचं काय होतं? तिकीट काढलं. मोठमोठे दगडी हॉल, जमिनीवर चित्रं, बारीक बारीक दगडांची. एका चित्रात मासे. एक चायनीज ग्रुप होता, त्यांच्या गाइडच्या मागे मागे आम्हीपण चाललो. मध्येच माझ्या लक्षात आलं, मी ऐकतेय. सरदारांचं, तुर्कांचं, वेढ्याचं सगळं ऐकतेय. पाच मिनिटं मला माझा मुलगा आठवला नव्हता. मग भिंतीला टेकून खाली बसले.

बोना प्रत्येक हॉलमधल्या राखणदाराला फोनमधला फोटो दाखवत होता. सगळे मान हलवत होते.

२२, बुध.

आज नेव्हिलचे फोटो घेऊन फिरलो. त्या दिवशी त्याने चार पाठवले होते. तटाचा दरवाजा. घड्याळाचा मनोरा. सरदारांची ती चढाची गल्ली. आणि शेवटचा : निळं दार, वर बोगनवेल, हातात आइस्क्रीम, डोळे उन्हाने बारीक.

दार सापडलं. बोगनवेल झडलेली, पण दार तेच, कडीपण तीच.

बोना म्हणाला, "आयव्ही, उभी राहा, फोटो घेतो."

उभी राहिले. हसायचं की नाही ते कळेना. कसा आला फोटो बघितला नाही.

समोर चपलांचं दुकान. चामड्याच्या चपला, बॅगा बाहेर लटकवलेल्या. बाई साठीची असेल, काळे कपडे. बोनाने फोन पुढे धरला. आमचा मुलगा, ह्याच दारात, पाहिलंय का? तिने चष्मा लावला. बोनाकडे बघितलं, फोटोकडे, परत बोनाकडे.

"येस. येस. नाइस बॉय."

बोना : "व्हेन? मे मंथ?"

"आफ्टर. समर. जुलै... येस."

बोना पायरीवर बसला आणि रडायला लागला. मेपासून पहिल्यांदा. कंपनीचा फोन आला तेव्हापण रडला नव्हता, भिंतीकडे बघत राहिला होता. बाईने आतून पाणी आणलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी उभीच.

एक क्षण माझ्यासुद्धा छातीत काहीतरी उडालं. लिहायला नको, पण उडालं.

जेवताना त्याचं सुरू : डोक्यावर परिणाम झाला असेल, आठवत नसेल. नाहीतर भानगडीत अडकला असेल, घाबरून लपला असेल. कुठल्यातरी हॉटेलात भांडी घासत असेल. "आहे गं तो. मी म्हणत नव्हतो?" पोटभर जेवला. माझ्या ताटातलंही.

२३, गुरु.

बोना सकाळीच लहान बंदराकडे गेला, होड्यावाल्यांना विचारायला. मी डोकं दुखतंय म्हटलं. आणि दुकानात गेले.

का गेले? खात्री करायची होती. की मला त्याच्यासारखं व्हायचं होतं?

बाईने ओळखलं, खुर्ची दिली. मी फोन काढला आणि माझ्या भावाच्या मुलाचा फोटो दाखवला. वसईतला, त्याच्या लग्नातला, सुटातला. तो आयुष्यात दुबईच्या पुढे गेलेला नाही. विचारलं, ह्याला पाहिलंत का?

"येस, येस," ती म्हणाली. "नाइस बॉय."

मी फोन बंद केला. माझं तोंड बघून तिला कळलं. तिने शटरकडे बघितलं, चपलांकडे, मग माझा हात धरला. घट्ट. तिचं इंग्लिश तुटकं. "युवर हजबंड... हिज आइज. आय कॅनॉट से नो."

थोड्या वेळाने : "आय मदर टू."

चिडायचं होतं. तिच्या चपला रस्त्यावर फेकाव्यात असं वाटलं. पण हात सोडवला नाही मी. दोघी तशाच बसलो. एक जर्मन जोडपं आलं, बॅग बघून गेलं, ती उठली नाही. सीझन संपला, परवा दुकान बंद करणार आहे, गावाला जाणार, ईस्टरनंतर उघडणार, एवढं कळलं.

मग घड्याळाच्या मनोऱ्यावर चढले. तिकिटावर खाली एक ज्यूस फुकट. वरून सगळं दिसतं. कौलं, घुमट, मशिदीचा मिनार, तट. आणि तटापलीकडे पाणी. पलीकडे तुर्कस्तानचे डोंगर, जवळच वाटतात. पाणी मात्र डाव्या हाताला संपतच नाही. इतकं निळं, इतकं स्वच्छ. ह्यात शोधायचं म्हणजे

खाली येऊन ज्यूस घेतला. प्यायले. चव लागली. त्याचीच लाज वाटली.

बोना दुपारी आला. तोंड उन्हाने लाल. "काही हॉटेलांत इंडियन पोरं आहेत कामाला. पण सगळी बंद झाली आता. मार्चमध्ये यायला पाहिजे परत." मी सांगणार होते. "बोना, ऐक" इथपर्यंत म्हणालेसुद्धा. त्याने वर बघितलं. त्या बाईने जे डोळे बघितले तेच मीपण बघितले.

"काय गं?"

"काही नाही. टोपी घालून जात जा."

२४, शुक्र.

परतीचं विमान. बोना तोंड उघडं टाकून झोपलाय, झोपेची गोळी न घेता. शेजारी बसून लिहितेय.

आज निघताना पाऊस. गोट्यांचे रस्ते चकाकत होते. बंदरात एकही जहाज नाही. त्याने जाताजाता तटाला हात लावला, घरातून निघताना क्रुसाला लावतो तसा.

मी मागे वळून बघितलं नाही. माझ्यासाठी तिथे काही नाही. कबरसुद्धा नाही.

२६, रवि.

चर्चमधल्या मिसाहून आलो तर वसईहून बोनाच्या आईचा फोन. दोन तारखेला मृतांचा सण, चर्चमध्ये नावं वाचतात. "आयव्ही, नेव्हिलचं नाव देऊ का गं यंदा? फादर विचारतायत." रडत रडतच विचारलं बिचारीने. मी हो म्हणणार होते. वाटलं, निदान एकदा कुणीतरी त्याचं नाव मोठ्याने घ्यावं, लोकांनी गुडघे टेकावेत, खलास, मलापण रडता यावं.

बोनाने फोन हिसकावला. "आये, नाव द्यायचं नाय. पाह्यलंय त्याला. जुलैमध्ये पाह्यलंय एका बाईने!"

तिकडे ती केवढ्याने ओरडली. इथपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळलं. माझा फोन वाजतोय. देवाची कृपा. मदर मेरीने ऐकलं. एकीने तर आभाराची मिसा सांगितली.

फोन उलटा ठेवलाय.

२९, बुध.

कामावर, क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी विचारलं, ट्रिप कशी झाली, फोटो दाखवा. रोड्स सुंदर आहे म्हणतात. हो, सुंदर आहे, म्हटलं. खरंच आहे. पुढचा पेशंट आत पाठवला.

एकदा सांगून टाकावं. रोज ठरवते. बोना हॉटेलच्या ड्युटीवरून येतो, बूट काढता काढता शीळ घालतो. पाच महिन्यांत घरात शीळ नव्हती. त्या बाईने एका शब्दात दिलं, मी एका शब्दात काढून घ्यायचं. माझ्याच हाताने?

आणि नाही सांगितलं तर तो मार्चमध्ये जाणार. मग परत. मग परत. दरवर्षी, म्हातारा होईपर्यंत, फोन पुढे धरून, दुकानादुकानांत.

१ नोव्हें., शनि.

उद्या नावं वाचतील. त्यात त्याचं नसेल.

मी स्वयंपाकघरात भात टाकत होते. रिया आली, दाराला टेकून उभी राहिली. मेपासून ही मुलगी माझ्याशी हो-नाहीच्या पुढे बोललेली नाही.

"मम्मा. डिड शी रिअली से दॅट?"

"म्हणाली."

"यू वर देअर? यू हर्ड इट?"

"होते. ऐकलं."

सगळं खरं.

ती मागून येऊन मला बिलगली. कपाळ माझ्या पाठीवर घासलं, अगदी लहानपणी करायची तसं. पाठ ओली झाली.

"देन व्हाय आर यू नॉट हॅपी?"

मला वळता येईना. तेवढ्यात हॉलमधून बोना, "रिया, इकडे ये, यल्ला, चल लवकर, मार्चची तिकिटं बघतोय! तुझ्या परीक्षा कधी संपतात?"

"कमिंग, डॅडी!" पळत गेली.

भात झाला. गॅस बंद केला. बाहेर दोघं तारखांवरून भांडतायत, हसतायत. बोनाने दोनदा हाक मारली मला.

अजून गेलेले नाही.