ग्रहणाचं मागणं

श्रावण वद्य १३, शके १७९०, रविवार

— आणि मैनाबाईने शेषराव पाटलांच्या तोंडावर ताटी लावून घेतली.

मी मागेच उभा होतो. भातकुलीत पाटलाला कुणी दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं. मांगवाड्यात तर नाहीच.

परवा सूर्यग्रहण. दरवेळी मांगवाड्यातली माणसं गल्लोगल्ली ओरडत येतात — दे दान, सुटे गिरान. आपण जुनेर घालतो, धान्य घालतो. राहू त्यांच्या कुळातला, त्यांनी दान घेतलं की तो सूर्याला सोडतो, असं गाव धरून चालतं. एरवी त्यांची सावलीही नको असते.

यंदा मांगवाडा रिकामा. विलायतेला कापूस हवा आहे. सगळी घरं अकोल्याला गेली, रुईच्या गाठी बांधायला. उरली ही एकटी म्हातारी.

पाटील ताटीशीच बोलले. "मैने, परवा फेरी करजो. जवारी जास्त देतो."

"नाई करत."

"काहून?"

"पोराचा निरोप आला. म्हणते, माय, आता हात पसरू नोको. मी कमावून राहिलो."

"अन् सूर्य?"

"त्याले काय म्या धरून ठेवलं?"

परतताना पाटील मला म्हणाले, "महाराज, आता तुमीच पाहा." गावचा जोशी मी. पाहायचं काय?

वद्य १४, सोमवार

अमावास्या आजच लागली, म्हणून पोळाही आजच. बैल सजले, मिरवले. मन कुणाचंच लागत नव्हतं.

माझ्या बायकोला, गोदाला, आठवा महिना. आधीची दोन मुलं राहिली नाहीत. सकाळपासून तिचं एकच — "उद्या मागायला कोण येणार?"

सांगितलं, चंद्र आड येतो, दुसरं काही नाही. मध्यकाळ मी काढला आहे. त्यानंतर उजेड परतेल, कुणी मागो न मागो.

"दानाबरोबर ग्रहणाची पीडा जाते, मागणाऱ्याने ते दान घेतलं पाहिजे," ती म्हणाली. "नाही घेतलं तर ती माझ्या पोटावर येईल."

तिचा चेहरा बघवेना. सुपात ज्वारी आणि एक लुगडं घालून मीच मैनाबाईकडे गेलो. सूप दूर ठेवलं. तिने हात लावला नाही.

"मागते त्याचं असते ते. म्या मागतलं नाई, त घेऊ कशी?" मग म्हणाली, "तुमचं गणित हाय ना, महाराज? सुटनच त."

थट्टा होती की धीर, कळलं नाही. सूप घेऊन परत आलो. रस्त्यात लोक बघत होते.

अमावास्या, मंगळवार. सकाळी

ग्रहणाचा स्पर्श झाला. परातीतल्या पाण्यात सूर्य कडेला कापलेला दिसतो आहे. गोदा माजघरात, अंधारात बसली आहे.

त्याच दिवशी, दुपारी

लिहून ठेवतो.

वेळ मोजायला पाण्यात सोडायचं घटिकापात्र ओसरीवर मांडलं होतं. माझ्या हिशेबाने मध्य झाला. आता उजेड परतायचा. अंधार वाढतच होता! झाडाखालचे कवडसे कोयत्यासारखे झाले. कोंबड्या खुराड्यात शिरल्या. गावात आवाज नाही. ती आरोळी मला कधी आवडली नव्हती — आज मी कान देऊन तीच ऐकू पाहत होतो.

आतून गोदा, "सुटायला लागलं का हो?"

"लागेल."

पात्र पुन्हा सोडलं. परातीतली कोर आणखी बारीक झाली.

"सुटतंय का?" — आणि मग ती रडायला लागली. तोंडात पदर कोंबून रडत होती.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी रस्त्यात होतो. अनवाणी. ओरडत होतो — दे दान, सुटे गिरान. पाटलांच्या दारावरून, देवळावरून, पार वेशीपर्यंत. आवाज माझाच होता.

दारं किलकिली झाली. पाटील बाहेर आले. "महाराज, तुमी?" दार ओढून घेतलं.

वेशीजवळ धाप लागून वाकलो तेव्हा जमिनीवरचे कवडसे रुंद होऊ लागले होते.

संध्याकाळी

गणित पुन्हा मांडलं. पंचांगातला काळ उज्जयिनीचा. भातकुली पूर्वेला, फरक मिळवायचा. मी वजा केला होता. म्हणून मध्य उशिरा आला, एवढंच. थोडा वेळ गप्प बसलो असतो तरी उजेड आलाच असता.

गोदाला सांगितलं. ती म्हणाली, "पण तुम्ही मागितलंत."

पाटलांकडून अमावास्येचा शिधा आला नाही. सत्यनारायणाला उद्या बोलावलं होतं त्या घरून निरोप — नको. विहिरीवर मला पाहून दोघी घागरी घेऊन मागे सरल्या.

मैनाबाई वाटेत दिसली. थांबली नाही. "आवाज बरा हाय महाराज तुमचा," म्हणाली. "लांब जाते."

भाद्रपद शुद्ध १, बुधवार

सकाळी दार उघडलं. ओट्यावर जुनी लुगडी, ज्वारीचे ढीग, तेल, फाटकं घोंगडं. सगळ्यांत वर पाटलांचं जुनं पागोटं. गोदा पोट सावरत बाहेर आली, मैनाबाईने न घेतलेली ज्वारी आणि लुगडं आमच्या सुपात भरलं आणि ते माझ्यापुढे धरलं. मी घेतलं.